पुण्याची गर्दी टळते ती लातुरातच

दुपारी चारच्या सुमारास लातूरच्या एखाद्या डाळमिलच्या आवारात डोकावले, तर ट्रक भरण्याचे काम रंगात आलेले दिसते. हमालांच्या पाठीवरून तूरडाळीचे कट्टे एकामागून एक गाडीत चढत असतात, मुनीम वहीत खुणा करीत असतो, क्लीनर ताडपत्री झटकून ठेवत असतो. चालकाचे लक्ष मालावर असते तितकेच घड्याळावर. माल पुण्याला जायचा, वाशीला की हैदराबादला, यावर त्याची घाई ठरते. त्या शहराच्या वेशीवर अवजड वाहनांना प्रवेश कोणत्या वेळी बंद होतो, तेथून मागे मोजत येऊन तो लातूर सोडण्याची वेळ काढतो.

महानगरांतील सकाळ-सायंकाळच्या गर्दीविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु ते बहुधा मोटारीत, बसमध्ये किंवा दुचाकीवर अडकलेल्या माणसाच्या बाजूने असते. अशा गर्दीत एखादा दहाचाकी ट्रक दिसला, की ‘हा या वेळी येथे कशाला आला’ असा वैताग साहजिकच व्यक्त होतो. वस्तुतः त्या वेळी तेथे असावे अशी चालकाचीही इच्छा नसते. गर्दीत अडकलेला भरलेला ट्रक म्हणजे जळणारे डिझेल, तापणारा क्लच आणि हाताशी आलेले परतीचे भाडे हुकणे. त्यामुळे गर्दी टाळणे हे या व्यवसायातील प्राथमिक कौशल्य आहे आणि ते महानगरात पोहोचण्याच्या पुष्कळ आधी, सव्वातीनशे किलोमीटर दूर पणाला लागते.

हिशेब साधा आहे. लातूरहून मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णीमार्गे पुण्याचे गुलटेकडी मार्केट यार्ड साधारण सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. कायद्याने मालवाहू वाहनाला चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा असली, तरी भरलेल्या ट्रकची रात्रीची सरासरी ताशी ४० च्या आसपासच धरावी लागते. म्हणजे प्रवासाला सव्वाआठ तास. जेवण, चहा, डिझेल आणि टायर ठोकून पाहण्यासाठी पाऊण तास. समजा, पहाटे पाचच्या आत शहरात शिरायचे आहे. अनुभवी चालक त्यात दीड तास ‘हातचा’ राखतो, कारण वाटेत एखादा टायर बसला तरी तो बदलून वेळेत पोहोचता आले पाहिजे. सगळे वजा केले, की उत्तर येते सायंकाळचे साडेसहा. त्या वेळेला दोर आवळून गाडी वजनकाट्यावरून बाहेर पडली पाहिजे.

येथेच सगळे बिघडते. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारने ट्रकांची भारक्षमता वाढवली. तेव्हापासून दहाचाकी गाडीचे मालासह एकूण वजन २८.५ टनांपर्यंत मान्य आहे. गाडीचे स्वतःचे वजन वगळता अठरा-एकोणीस टन माल बसतो. पन्नास किलोच्या कट्ट्यांत मांडले, तर साडेतीनशेहून अधिक कट्टे. ते माणसांच्या पाठीवरून चढतात. हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर गुंतलेली असली, बारदाना कमी पडला किंवा बिल्टी तयार व्हायला उशीर झाला, तर साडेसहाचे साडेआठ सहज होतात. मिलमालकाला ते दोन तास किरकोळ वाटतात. चालकाने राखलेला हातचा मात्र लातुरातच खर्च झालेला असतो. त्यातच रस्त्यात अर्धा-पाऊण तास मोडला, तर वेशीवर पोहोचेपर्यंत प्रवेश बंद झालेला असतो आणि गाडी थेट रात्रीपर्यंत तेथे उभी राहते. लातूरमधला दोन तासांचा उशीर पुण्यात पंधरा-सोळा तासांचा होतो, तो असा. या थांबण्याला धंद्याच्या भाषेत ‘हॉल्टिंग’ म्हणतात. त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावरून माल पाठवणारा, माल घेणारा आणि गाडीमालक यांच्यात कायमची ओढाताण असते आणि बहुधा ती गाडीमालकाच्या अंगावर येऊन संपते.

ही प्रवेशबंदी येते कोठून? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अथवा सोयीसाठी, किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे, विशिष्ट भागात विशिष्ट वाहनांना बंदी घालू शकते. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त काळाची असेल, तर राजपत्रात प्रसिद्धी आवश्यक असते. कमी काळासाठी स्थानिक प्रसिद्धी पुरते. कागदावर हे ठीक आहे. परंतु पुण्यातल्या स्थानिक प्रसिद्धीचा लातूरच्या चालकाला उपयोग काय? वेळा बदलतात, उड्डाणपुलाच्या कामासाठी एखादा रस्ता बंद होतो, गणेशोत्सवात नवे आदेश निघतात. ही बातमी त्याला कळते ती समोरून परतणाऱ्या गाडीच्या चालकाकडून, ढाब्यावर किंवा मोबाइलवर. एकेकाळी ढाब्यावरच्या बाजेवर मिळणारी ही माहिती आता व्हॉट्सअॅपवरच्या आवाजी निरोपांतून फिरते, एवढाच फरक.

मुंबईची गोष्ट पुण्याहून गुंतागुंतीची. २०२५ च्या आरंभी निघालेल्या वाहतूक पोलिसांच्या आदेशात दक्षिण मुंबईत अवजड वाहनांना सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत, तर शहराच्या उर्वरित भागात व उपनगरांत सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी पाच ते नऊ या वेळेत बंदी घालण्यात आली. दूध, भाजीपाला, पिण्याचे पाणी, इंधन यांसारख्या मालाला सवलत देण्यात आली. ठाण्यात अवजड वाहनांसाठी दुपारी बारा ते चार आणि रात्री दहा ते पहाटे पाच अशी सोडण्याची वेळ वर्षानुवर्षे ठरलेली होती. या वेळा जुळवून पाहिल्या, की अडचण ध्यानात येते. प्रत्येक शहर आपल्यापुरते दार उघडते आणि मिटते. सलग दोन दारे एकाच वेळी उघडी सापडतील याची शाश्वती नसते. एका नाक्यावरून वेळेत सुटलेली गाडी दुसऱ्या नाक्यावर चार तास उभी राहू शकते.

या बंदीला दोन हजार वर्षांची परंपरा आहे. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास ज्युलियस सीझरच्या काळातील कायद्याने रोम शहरात सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत मालाच्या गाड्यांना बंदी घातली होती. देवळांच्या व सरकारी इमारतींच्या बांधकामाला लागणारे साहित्य तेवढे वगळले होते. अत्यावश्यक मालाची सवलत तेव्हाही होती! दिवसाचे रस्ते मोकळे झाले आणि गाड्यांचा खडखडाट रात्री सुरू झाला. पुढे सुमारे दीड शतकाने ज्युव्हेनल या कवीने रोममध्ये झोप मिळत नाही अशी तक्रार केली आहे. लंडनने याच अनुभवातून उलटा मार्ग धरला. तेथे १९८५ पासून अवजड मालगाड्यांवर रात्री आणि शनिवार-रविवारी निर्बंध आहेत, कारण तेथे नागरिकांची झोप महत्त्वाची मानली गेली. आपल्याकडे नागरिकांचा दिवस महत्त्वाचा ठरला. चालकाची झोप दोन्हीकडे हिशेबात नव्हती. मात्र युरोपात चालकाच्या कामाच्या तासांवर यंत्राची नजर असते, ती नोंद तपासली जाते आणि साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती सक्तीची असते.

गर्दी चुकवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे शहरच चुकवणे. सोलापूर रस्त्याने पुण्याकडे येणाऱ्या आणि मुंबईला जाणाऱ्या गाडीला हडपसरच्या गर्दीत शिरण्याचे कारण नसते. ती मंतरवाडी फाट्यावरून उंड्री, कात्रजकडे वळते किंवा थेऊर फाट्यावरून वाघोली, चाकण, तळेगावचा लांबचा वळसा घेते. हे रस्ते एकेकाळी गावांचे होते. आता त्यांच्या दोन्ही बाजूंना गृहसंकुले उभी आहेत, शाळांच्या बस आहेत, आठवडी बाजार आहेत. त्यामुळे काल ज्या रस्त्याने गर्दी टाळता येत होती, त्याच रस्त्यावर आज गर्दी भेटते आणि तेथील रहिवासी ट्रकबंदीची मागणी करतात. त्यांची मागणी गैर म्हणता येत नाही. शाळेच्या दारातून दहाचाकी गाड्यांची रांग जावी, असे कोणाला वाटेल? फक्त प्रत्येक नव्या बंदीबरोबर लातूरच्या गाडीचा हातचा आणखी अर्ध्या तासाने वाढतो.

नांदेडच्या चालकांपुढे दिशा दोन. मुंबईकडे जाताना परभणी, जालन्यामार्गे समृद्धी महामार्ग गाठता येतो. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा हा रस्ता भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सलग झाला आहे. रस्त्यातली गावे, गतिरोधक, बैलगाड्या, सारेच सुटले. पण वेगवान रस्ता शहराचे दार लवकर उघडत नाही. पूर्वी पहाटे पोहोचणारी गाडी आता मध्यरात्री पोहोचली, तर तिचा फायदा आहे. रात्री आठला पोहोचली, तर दोन-तीन तास उभे राहणे आले. म्हणून जुनेजाणते चालक नव्या रस्त्यावर नांदेडहून लवकर नव्हे, तर उशिरा निघतात आणि वाचलेला वेळ घरी झोपून काढतात. रस्ता झाल्याचा खरा लाभ तोच.

दुसरी दिशा हैदराबादची. नरसी, देगलूर, पिटलम, संगारेड्डीमार्गे अंतर तीनशे किलोमीटरच्या आत आहे. अर्धापूरच्या केळीपासून किराणा मालापर्यंत नांदेडचा या शहराशी निजामाच्या काळापासूनचा व्यवहार आहे. हैदराबादला १५८ किलोमीटरचा बाह्यवळण मार्ग आहे. संगारेड्डीकडून येणारी गाडी मुत्तंगीजवळ त्यावर चढली, की शहराला स्पर्श न करता विजयवाडा, बेंगळुरू किंवा वारंगळच्या दिशेला उतरते. शिवाय या शहराने २०२२ मध्ये गड्डीअन्नारमचा गजबजलेला फळबाजार तेथून हलवून बाह्यवळणालगत बाटसिंगारमला नेला. मुंबईने हेच १९९६ मध्ये केले होते; भाजी आणि फळांचा घाऊक बाजार शहराच्या दक्षिण भागातून वाशीला गेला, तो गर्दीवरचा उपाय म्हणूनच. ट्रकला शहरात येऊ नको असे सांगण्यापेक्षा बाजारच ट्रकपाशी नेणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग दिसतो. अडचण एवढीच, की बाजार गेला तेथे काही वर्षांत शहरही जाते. वाशी-तुर्भ्याची सकाळ पाहिली, की ते पटते. पुण्याचे गुलटेकडीही एकेकाळी शहराच्या कडेलाच होते.

शहरात शिरणे साधले, तरी काम निम्मेच होते. रात्री तीनला गाडी मार्केट यार्डात पोहोचली, म्हणून तीनला ती खाली होत नाही. भाजीपाल्याच्या गाड्यांचे ठीक. तो बाजारच पहाटेचा आहे. डाळ, साखर, गूळ यांच्या भुसार बाजारात दुकाने उघडतात सकाळी. माथाडी कामगारांच्या कामाचीही वेळ ठरलेली असते आणि ती तशी असणे योग्यच आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यापूर्वी या कष्टकऱ्यांना ना वेळेचे संरक्षण होते ना मजुरीचे. ओघानेच गाडी सकाळी नऊला लागते, दुपारपर्यंत खाली होते आणि रिकाम्या गाडीला बाहेर पडायला मात्र शहराच्या वेळा आडव्या येतात. आत शिरण्याचा हिशेब करणारे पुष्कळ. बाहेर पडण्याचा हिशेब जो करतो तोच मुरलेला चालक, असे या धंद्यात मानले जाते. त्यात माल उतरवण्याच्या खर्चाचा वाद असतोच. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच आली.

गर्दी ही केवळ महानगरांची मिरास राहिलेली नाही. लातूरची गंजगोलाई १९१७ साली आखली गेली. मध्ये गोल, भोवती सोळा रस्ते आणि प्रत्येक रस्त्यावर वेगळा बाजार, अशी ती देखणी रचना बैलगाडीच्या काळाला साजेशी होती. आज तेथे दहाचाकी ट्रक दिवसा वळू शकत नाही. माल शहराबाहेरच्या गोदामात उतरतो आणि तेथून ‘छोटा हत्ती’ त्याला दुकानापर्यंत नेतो. २००५ मध्ये बाजारात आलेल्या या छोट्या टेम्पोने मराठवाड्यातील शहरांचा माल वाहण्याचा प्रश्न बराच सोडवला आणि नवा प्रश्नही उभा केला. एका ट्रकच्या जागी वीस टेम्पो आले. हमाली दोनदा द्यावी लागली. शिवाय लातूरच्या गर्दीची वेळ कचेऱ्यांपेक्षा शिकवणी वर्गांवर ठरते. शिवाजी चौक, औसा रोड, अंबाजोगाई रोड या भागांत वर्ग सुटतात तेव्हा सायकली आणि स्कूटींचा जो लोंढा रस्त्यावर येतो, त्यात टेम्पोही थांबून राहतो. ‘लातूर पॅटर्न’चे वेळापत्रक दुकानदारांच्या पोरांपेक्षा टेम्पोचालकांना अधिक तोंडपाठ असते.

नांदेडमध्ये गोदावरीवरचे पूल ठरवतात. लातूरकडून लोह्यामार्गे येणारी गाडी सिडको-लातूर फाट्याच्या बाजूने येते. नवा मोंढा नदीच्या पलीकडे. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त शहराचे रस्ते रुंद झाले, तेव्हा ही वाट मोकळी झाल्यासारखी वाटली होती. आज सकाळी दहाच्या पुलावर ते आठवत नाही. होला मोहल्ला व दसऱ्याच्या दिवसांत तर नांदेडचा चालक शहरात गाडी घालण्याचा विचारच करीत नाही.

पंचांग हे तर चालकाचे दुसरे घड्याळ. ज्येष्ठ-आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड असा पुणे-सोलापूर रस्ता धरते, तेव्हा वाहतूक वळवली जाते आणि लातूर-पुणे हा आठ तासांचा प्रवास किती तासांचा होईल हे कोणी सांगू शकत नाही. आणि त्याची तक्रारही फारशी होत नाही. पुष्कळ चालकांच्या घरचीच माणसे त्या दिंड्यांत चालत असतात. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले, की बार्शीपासून इंदापूर, भिगवण, दौंडपर्यंत रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर ओढणारे उसाचे ट्रॅक्टर येतात. त्यांतल्या अनेकांना मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी असली तर ती चिखलाने झाकलेली असते. शहरातली गर्दी टाळण्यासाठी रात्र निवडायची आणि रात्री अंधारातला ट्रेलर टाळायचा, असा हा व्यवहार आहे. लातूर ते टेंभुर्णी हा पट्टा चौपदरी करावा ही मागणी अनेक वर्षे होत आली, ती या रात्रींमुळेच.

या व्यवहारात खरी किंमत कोण मोजतो, हे उघड आहे. पहाटे दोन ते सहा हा मानवी शरीराचा सर्वाधिक झोपेचा काळ. शहराची सोय अशी, की याच काळात ट्रक वेशीजवळ असला पाहिजे. आठ तास चालवून आलेला माणूस, समोरून येणारे प्रखर दिवे आणि ‘पाचच्या आत’ हा धोशा. पाटसचा टोलनाका मागे पडल्यावरचा रस्ता सरळ आणि रुंद आहे, म्हणून तेथे डोळा लागण्याची भीती अधिक. जाणते चालक यवत किंवा उरुळी कांचनजवळ गाडी बाजूला घेऊन अर्धा तास पाठ टेकतात. हातच्या दीड तासांतली ही त्यांच्या लेखी सर्वांत महत्त्वाची खर्चाची बाब आहे. लातुरात भरणीला उशीर झाला, की सर्वप्रथम हा अर्धा तास जातो.

कायदा या बाबतीत मुका नव्हता. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याच्या मार्गांवर दहा तास, आणि सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती अशी मर्यादा घातली होती. तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना. मराठवाड्यात एक-दोन गाड्यांचे मालक असंख्य. पुष्कळदा मालकच चालक. त्यांच्यापर्यंत हा कायदा कधी पोहोचलाच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत तो सामावला गेला आहे. मोटार वाहन अधिनियमात कलम ११५ च्या जवळच कलम ११७ आहे. वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार त्यात दिलेला आहे. पहिल्या कलमाचा वापर सढळ हाताने होतो. दुसऱ्याचा झाला असता, तर प्रत्येक मोठ्या शहराच्या वेशीबाहेर, बंदीची वेळ उलटेपर्यंत थांबता येईल असे, पाणी, स्वच्छतागृह आणि पहारा असलेले आवार दिसले असते. तसे नसल्याने गाड्या महामार्गाच्या कडेला उभ्या राहतात. डिझेलच्या चोरीच्या आणि ताडपत्री फाडल्याच्या भीतीने क्लीनर झोपत नाही. क्लीनर नसलेल्या गाड्या आता वाढल्या आहेत, तेथे चालक झोपत नाही.

जीएसटी आल्यावर जुलै २०१७ मध्ये मुंबईचे जकात नाके बंद झाले, २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला, ई-वे बिलाची मुदत जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस धरली जाऊ लागली. कागदासाठी थांबणे खरोखर कमी झाले. मुलुंड किंवा मानखुर्दच्या नाक्यावर रात्र काढलेल्या चालकांना त्याचे मोल कळते. वेळेसाठी थांबणे मात्र तसेच आहे आणि ते दिवसाचे असल्याने उन्हाचे आहे. वैशाखात लातूर काय, लोणी काय, लोखंडी केबिनमध्ये दुपारी झोप लागणे अशक्य. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. मराठवाड्याच्या रस्त्यांवरच्या गाड्या पंधरा-पंधरा वर्षे चालतात, तेव्हा ही सोय सर्वांपर्यंत पोहोचायला अवधी आहे. तोवर वेशीवर अडकलेला चालक जुन्याच पद्धतीने दुपार काढतो: गाडीखाली, मागच्या चाकांच्या सावलीत, गोणपाट अंथरून, आणि मोबाइलमध्ये रात्री दहाचा गजर लावून.